बाकीचं दिल्लीहून आल्यावर

मागच्या आठवड्यात स्मारक समितीची तीन माणसं माझ्या दुकानात येऊन गेली. चौकात साहेबांचा अर्धपुतळा बसणार आहे, त्याखाली संगमरवरी पाटी, आणि पाटीवरची अक्षरं माझ्याच हातची पाहिजेत असा त्यांचा हट्ट. "साहेबांना तुमचंच अक्षर आवडायचं ना," असं म्हणत त्यांनी मजकुराचा कागद पुढे केला. वर साहेबांचं नाव. खाली दिल्लीतली सगळी पदं. खासदार, उपमंत्री, ह्या समितीचे अध्यक्ष, त्या मंडळाचे सदस्य. आणि शेवटची ओळ: 'दिल्या शब्दाला जागणारा लोकनेता'. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळ तीच होती.

"माझा हात थरथरतो हल्ली," मी म्हटलं. "दुसरा कोणी पहा."

साफ खोटं. अजून मी एका बैठकीत अख्खी पाटी उतरवतो. पण ती ओळ कोरली असती तर त्याच हातानं स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी लागली असती. दिल्या शब्दाला जागणारा! अहो, त्या माणसाच्या शब्दाचं काय झालं हे ह्या गावात माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? शब्द मीच कोरून देत होतो त्यांना.

साहेब पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा नुकतेच लोकसभेवर निवडून गेले होते. आमचं दुकान गणेशपेठेत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. वडील गेल्यावर मी एकटाच बसायचो. कोनशिला, देवळाच्या पायऱ्या, वकील-डॉक्टरांच्या पाट्या, जे येईल ते काम. मोठी माणसं असल्या कामाला कारकून पाठवतात. हा माणूस स्वतः जीपमधून उतरला, पांढऱ्याशुभ्र धोतराची फिकीर न करता दगडाच्या चुऱ्यात माझ्यासमोर उकिडवा बसला आणि डोळे मिटून ताज्या अक्षरांवरून बोट फिरवायला लागला. "वा रे वा! हे अक्षर तं आंधळ्याले पण वाचता येईन," म्हणाले. माझी छाती अशी फुगली की विचारू नका. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो. आता सांगताना लाज वाटते, पण झालो हे खरं आहे.

लोक आता त्यांच्या कार्याबद्दल बोलतात. मी त्यांच्या सवयींबद्दल सांगतो, म्हणजे कार्य आपोआप कळेल. ह्या माणसानं आयुष्यात एकही गोष्ट पुरी केली नाही. चहा घेतला तर अर्धा कप. उरलेला अर्धा टेबलावर राहायचा आणि त्यांची पाठ वळली की एखादा कार्यकर्ता तो तीर्थासारखा पिऊन टाकायचा. त्या अर्ध्या कपासाठी दोघांची जुंपलेली मी स्वतः पाहिली आहे. लग्नाला गेले तर मंगलाष्टकं अर्ध्यावर असताना उठत, नाटकाला गेले तर मध्यंतरापर्यंत बसत. बुद्धिबळ झकास खेळायचे, पण डाव रंगात आला की "ठेव रे तसाच" म्हणून उठायचे. दिवाणखान्यात असे तीन पट मांडलेले पडून असायचे आणि झाडणाऱ्या बाईला प्यादं हलवायची मनाई होती. धंतोलीतल्या घरावर त्यांनी दुसरा मजला चढवायला काढला. चार खांब वर गेले, सळ्या उभ्या राहिल्या, आणि पुढची वीस वर्षं त्या सळ्यांना दोरी बांधून साहेबांची धोतरं वाळत राहिली.

बेचाळीसच्या तुरुंगवासाची एक गोष्ट ते प्रत्येक सभेत सांगत. जेलरच्या अंगणात पेरूचं झाड. साहेब आणि त्यांचे दोन सोबती भिंतीवर चढलेले. एकाचा हात पेरूपर्यंत पोचलेला. तेवढ्यात जेलर दारात येऊन उभा! इथपर्यंत आलं की साहेब मनगटावरचं घड्याळ बघत, हात जोडत आणि म्हणत, "बाकीचं दिल्लीहून आल्यावर!" लोक पोट धरून हसायचे, टाळ्या पिटायचे. मीही पिटल्या आहेत. तीन निवडणुका त्या पेरूच्या झाडावर काढल्या ह्या माणसानं. त्यांनी पेरू खाल्ले की मार खाल्ला, हे अजूनही कोणाला माहीत नाही.

सुरुवात मात्र त्यांच्यासारखी कोणाला जमायची नाही, हे मान्य केलं पाहिजे. भूमिपूजनाला बाकीचे पुढारी दगडाला हात लावल्यासारखं करतात आणि फोटो निघाला की रुमालाला पुसतात. साहेबांची स्वतःची थापी होती. चंदनी मुठीची, लाल मखमलीच्या पिशवीत ठेवलेली. ती बाहेर काढायचे, बाह्या सारायचे, गवंड्यानं कालवलेला मसाला दोन बोटांत धरून चोळायचे आणि त्याच्यावर खेकसायचे: "रेती कमी पडली गा. टाक अजून. हं, अजून टाक." गवंडी बिचारा दबकून रेती टाकायचा. गावकरी एकमेकांकडे बघायचे, की बघा, साहेबांना बांधकामातलंही कळतं. मग साहेब स्वतःच्या हातानं थर देत, दगड बसवत, ठोकून ओळंबा बघत, आणि उठून म्हणत, "मुहूर्त माझ्याकडे. पुरं करायला सरकार बसलं आहे." पुढे ते स्वतःच सरकारात गेले, उपमंत्री झाले, तरी हेच वाक्य म्हणत राहिले आणि लोक तरीही टाळ्या वाजवत राहिले. आपण लोकही काही कमी नाही.

पहिली काही वर्षं प्रत्येक कोनशिला माझ्याकडून जायची. शाळा, बाजार ओटे, वाचनालय, काय काय. गावाचं नाव, तारीख, सगळं रीतसर. मग एक दिवस साहेब दुकानात आले आणि पुन्हा तसेच चुऱ्यात उकिडवे बसले. म्हणाले, एक जरा चांगली शिला पाहिजे. संगमरवर घे, पण पातळ घे. मजकूर सांगितला: 'या वास्तूची कोनशिला', मग त्यांचं नाव सगळ्यात मोठं, मग 'यांच्या शुभहस्ते बसविण्यात आली'.

"कशाची वास्तू, साहेब?" मी विचारलं. "शाळा का दवाखाना?"

"वास्तू म्हणजे वास्तू. काहीही असो."

"आणि गाव? तारीख?"

"खाली जागा सोडून दे ना चांगली चार बोटं. बाकीचं दिल्लीहून आल्यावर."

मी जागा सोडली. शेवटचं अक्षर उतरवताना हातोडी निसटली आणि डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला, बोराएवढा. मी घाबरलो. साहेबांनी कोपरा बघितला आणि हसून म्हणाले, "असू दे, नजर लागत नाही मग." अशी माणसं राग कशी येऊ देतील हो? त्यांच्यावर रागवायचं म्हणजे आधी त्यांचं हसू विसरावं लागतं, आणि ते फार अवघड काम आहे.

त्यानंतर माझ्याकडे कोनशिलेचं काम येणं बंद झालं. मला वाटलं, दुसरा कारागीर धरला. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर वर्तमानपत्र यायचं, त्यात साहेबांचे फोटो दर पंधरवड्याला. ह्या गावात शाळेची कोनशिला, त्या गावात समाजमंदिराची. एकदा सहज निरखून बघितलं तर डाव्या कोपऱ्याला टवका. दुसऱ्या फोटोतही टवका. मी ठेल्यावरचे जुने अंक काढायला लावले. सगळीकडे माझीच ती एक शिला! मग साहेबांच्या अंबॅसडरच्या डिक्कीत कधीतरी दिसलेली, गोणपाटात बांधलेली चौकोनी वस्तू आठवली, आणि ती रेतीही आठवली. जास्त रेतीचा मसाला धरत नाही. लोक जेवायला पांगले की ड्रायव्हरनं सब्बल, म्हणजे पहार, लावायची, शिला अल्लाद सुटते. 'शहरात पॉलिशला नेतो' म्हणून सांगायचं, की चालले पुढच्या गावाला.

मी काय केलं म्हणता? हसलो. पानठेल्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं आणि सगळे मिळून हसलो. "बडा उस्ताद आदमी है," पानवाला म्हणाला. मलाही त्यात गंमतच वाटली, वर आपल्याच शिलेचा एवढा प्रवास होतो आहे म्हणून थोडा अभिमानही वाटला. दुसऱ्याच्या गावाला फसवलं की ती गंमत असते.

माझी धाकटी बहीण सावनेरच्या पुढे एका खेड्यात दिली आहे. तिची मुलगी चार वर्षांची होती तेव्हा तिला जुलाब-उलट्या लागल्या. गावात डॉक्टर नाही, सावनेरच्या डॉक्टरनं बघून सांगितलं की शहरात धंतोलीला मोठ्या दवाखान्यात न्या. बहीण पोरीला मांडीवर घेऊन एसटीत बसली. कोराडीला वीज केंद्रासमोर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती, बस त्या रांगेत अडकली. दीड-दोन तास बस हलली नाही. बस सुटली तेव्हा पोर गेली होती. धंतोली तिथून किती लांब? अर्ध्या तासावर. बहिणीनं कंडक्टरला सांगितलंही नाही. पोरीला पदराखाली झाकून ती तशीच माझ्या दुकानापर्यंत आली, आणि म्हणाली, "दादा, आता घाई नाही राहिली गा."

तेरवी झाल्यावर ती स्वतःच म्हणाली, मले साहेबाकडे ने. तिच्या गावाला दवाखाना पाहिजे होता. स्वतःसाठी तिला काही नको होतं, तिची एकुलती पोर गेलीच होती. मी घेऊन गेलो. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं, मी शपथेवर सांगतो. म्हणून तर आणखी संताप येतो. खोटारड्या माणसाचं रडणंही खोटं असतं तर किती सोपं झालं असतं! त्यांनी अर्धा कप चहा ठेवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, दवाखाना दिला. मुहूर्त तूच सांग."

आणि महिन्याभरात आलेही. गावाबाहेर रस्त्याला लागून जागा, विटांचा ओटा, तोरणं, हलगी. साहेबांनी हाक मारली, "पहिला नारळ त्या बाईच्या हातानं फुटेल." बहीण पुढे झाली. पोर गेल्यापासून मी तिचा चेहरा एवढा उजळलेला पाहिला नव्हता. साहेबांनी मखमली पिशवीतून थापी काढली, मसाला बोटांत चोळला. "रेती टाक गा अजून," म्हणाले. डिक्कीतून शिला आली, गोणपाट सुटलं, आणि डाव्या कोपऱ्याचा तो टवका माझ्याकडे बघायला लागला. तिथे दोनशे माणसं होती. मी एक शब्द बोललो असतो तर? पण मी मूग गिळून उभा राहिलो. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, ओळखीच्या माणसाकडे बघून डोलावतात तशी.

भाषण अर्धं करून साहेब निघून गेले. दुपार कलली, लोक पांगले. मी बहिणीच्या ओसरीवर बसलो होतो. साहेबांना पुढे सोडून त्यांची गाडी गावाबाहेर ओट्यापाशी परत येऊन थांबली आणि ड्रायव्हर सब्बल घेऊन उतरला. बहिणीनं ते अंगणातून पाहिलं. "हा काय करून राहिला गा, दादा?" तिनं विचारलं. मी खाली बघितलं. तिला काय समजायचं ते समजलं. ती पळत मारोतीच्या पारावर गेली, शेंदराची पुडी आणि तेलाची वाटी घेऊन ओट्याकडे धावली. मी मागून पोचेपर्यंत तिनं शिलेवर बोटांनी शेंदूर थापला होता, दिवा लावला होता आणि शिलेला टेकून बसली होती.

"आता उचल," ती ड्रायव्हरला म्हणाली.

त्यानं शेंदराकडे बघितलं, सब्बल खाली ठेवली आणि हात जोडले. "बाई, मी लेकराबाळांचा माणूस आहे," एवढं बोलून गाडी घेऊन गेला. असं डोकं माझ्या बहिणीचं! एक इयत्ता शिकलेली नाही, पण दिल्लीच्या माणसाची चाल तिनं तेलाच्या वाटीनं मोडली. दुसऱ्या दिवशी तिनं गवंडी बोलावून चोख सिमेंटमध्ये शिला पक्की करून घेतली. "दगड हाये तं दवाखाना होईनच," म्हणायची. मग तिनं मला तो प्रश्न विचारला.

"दादा, याच्यावर काय लिहिलं हाये? दवाखाना लिहिलं हाये ना?"

"हो," मी म्हटलं. "दवाखानाच लिहिलं आहे."

मी काय सांगायला हवं होतं? की तुझ्या पोरीच्या नावानं जे उभं राहणार आहे ते नुसतं 'वास्तू' आहे, आणि ते अक्षर मी कोरलं आहे? एवढ्याशा खोट्यानं काय होतं, असं वाटलं. दवाखाना झाला की कोण वाचायला बसतं.

दवाखाना झाला नाही. पत्रं पाठवली, दिल्लीहून उत्तरं आली, छापील. पण शेंदूर मात्र वाढत गेला. बहिणीनं शिला वाचवायला एकदा लावला होता. मग मंगळवारी कोणी लावला, शनिवारी कोणी. कोणाची गाय उठून उभी राहिली, कोणाचा ताप उतरला. दोन वर्षांत अक्षरं बुजली, आणि गावानं नाव ठेवलं 'दवाखान्याचा मारोती'. मी सांगतो ते खोटं वाटेल, पण आजूबाजूच्या खेड्यांतून लोक आजारी लेकरं त्याच्याकडे आणायला लागले. धंतोलीला न्यायच्या आधी ओट्यावर निजवून अंगारा लावायचे. बहीण भांडायची, "अगं माय, हा दगड हाये, डॉक्टरकडे ने वं!" बायका तिलाच म्हणायच्या, "तूच तं पयला शेंदूर लावला, बाई."

मग त्या मारोतीला देऊळ बांधायचं ठरलं. भिंती झाल्या, शिखर झालं. आणि कळस चढवायला कोण यावं? साहेब! तोवर उपमंत्री झाले होते. आयुष्यभर ज्या माणसानं एकही काम शेवटाला नेलं नाही, त्याच्या हातानं एका कामाला कळस चढत होता आणि ते काम हे होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी गेलो. बहिणीनं निरोप पाठवला होता: दादा, ये, साहेबाशी बोलाचं हाये.

साहेब थकले होते, पण हसू तेच. कळस झाला, आरती झाली. ते मूर्तीपुढे वाकले. स्वतःच्याच नावापुढे डोकं टेकवत होते, आणि त्यांना ते आठवतही नव्हतं. तेवढ्यात बहीण विळा घेऊन गाभाऱ्यात शिरली.

"साहेब, हा मारोती नाही," ती म्हणाली. "हा माहा दवाखाना हाये. तुम्ही देल्ला होता."

आणि तिनं विळ्यानं शेंदूर खरवडायला सुरुवात केली. बोटभर जाडीचा थर, तव्यावरची खरड निघावी तसा त्याचा पापुद्रा पडायला लागला. गुरव ओरडला, बायका हाय हाय करायला लागल्या, साहेबांचे पोलीस पुढे सरकले. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. टवका दिसला. मग एकेक अक्षर वर आलं. बहीण घामाघूम झाली होती. तिनं पदरानं शिला पुसली आणि म्हणाली, "वाचा आता. सगळ्याईले आयकू येईन असं वाचा. मले वाचता येत नाही."

साहेबांनी वाचलं. सभेतल्या खणखणीत आवाजात, एक शब्द न गाळता. "या वास्तूची कोनशिला..." स्वतःचं नाव वाचलं. "...यांच्या शुभहस्ते बसविण्यात आली." मग बहिणीकडे वळून अगदी मायेनं म्हणाले, "बाई, वास्तू झाली ना? बघ, वर बघ, कळससुद्धा चढला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाशप्पथ वाजवल्या. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत.

बहिणीला काही कळेना. ती शिलेकडे बघत होती, मग तिनं गर्दीत मला शोधलं. "दादा, दवाखाना कुठी हाये याच्यात? तुनं तं सांगतलं होतं मले."

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. साहेबांनीही बघितलं, आणि ओळखलं. त्यांचा चेहरा खुलला. "अरे, आपले कारागीर! अक्षर अजून जसंच्या तसं आहे बघा. शेंदराखाली राहूनही." मला त्यांच्या अंगावर धावून जायला हवं होतं. मी हात जोडले. सवयीनं जुळले ते. साहेबांनी बाहेर येऊन अर्धा कप चहा घेतला. कोणीतरी धीर करून दवाखान्याचं विचारलं तेव्हा गाडीत बसता बसता म्हणाले, "बाकीचं दिल्लीहून आल्यावर."

माझ्या पिशवीत छिन्नी-हातोडी होती. नेहमीच असते. बहीण माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "खाली जागा हाये ना रिकामी. आता लिही." मी म्हटलं, लोक बघताहेत, देवाचं काम आहे, पुढच्या वेळी. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती घरी निघून गेली. त्या वर्षी मी भाऊबीजेला गेलो तर दाराला कडी होती. पुढच्या वर्षीही. सहा भाऊबीजा तिनं मला ओवाळलं नाही. साहेबांवर ती जेवढी रागावली नसेल तेवढी माझ्यावर रागावली, आणि तिचं बरोबर होतं. साहेबांनी तिला फसवलं ते परक्यानं फसवलं.

साहेब ह्या वर्षी गेले. दिल्लीतच गेले, तेव्हा बाकीचं आता राहिलंच. समितीची माणसं कागद ठेवून गेली, ती ओळ रात्रंदिवस माझ्यासमोर पडून होती. दिल्या शब्दाला जागणारा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान बंद केलं, पिशवी घेतली आणि पहिल्या बसनं गेलो. कोराडीला ट्रकांची रांग होतीच.

बहीण अंगणात तूर पाखडत होती. केस पांढरे झाले आहेत तिचे. मी पिशवी खाली ठेवली, आत लोखंड वाजलं. तिनं पिशवीकडे बघितलं. सूप ठेवलं, विळा घेतला आणि माझ्यापुढे चालायला लागली. देवळात शिलेवर सहा वर्षांचा शेंदूर पुन्हा बसला होता. तिनं तो पुन्हा खरवडला. गुरव आडवा आला.

"देवावर छिन्नी चालवता का?"

"मूर्ती घडवतानी छिन्नीच चालवते ना गा?" ती म्हणाली. "सर बाजूले."

मी साहेबांच्या नावाखाली, त्या चार बोटं जागेत, पेन्सिलीनं आखणी केली. "त्याच्या नावाएवढं कर," ती मागून म्हणाली. "बारीक नको करू." मी नावाएवढं केलं. दोन तास लागले. बाहेर माणसं जमली होती, काही रागावलेली, काही नुसतीच बघत होती. शाळेतली एक मुलगी मोठ्यानं वाचायला लागली आणि तिच्या आईनं तिला गप्प केलं. मी फुंकर मारून चुरा उडवला आणि पिशवीतली काळ्या रंगाची डबी काढली. बहिणीनं ती माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. खाली पडलेल्या शेंदराचा तिनं तेलात गोळा केला आणि बोटानं अक्षरांच्या खाचांत दाबून भरला. शुभ्र संगमरवरावर लालभडक. आता दार उघडं असलं की रस्त्यावरच्या एसटीतूनही वाचता येतं.

मग तिनं हात पुसला आणि अक्षरांवरून हळूहळू बोट फिरवलं, एकेक मोजत.

"चारच अक्षरं?"

"चारच."

"मले वाटे, लई मोठं असन." ती तिथेच ओट्यावर बसली. "चारच होती तं तवाच काहून नाही लिहिली गा, दादा?"